आईनं भरलेल्या खांडण्या

आई चार दिवसांच्या तापात गेली. मी हिंगणघाटच्या कापूस जिनिंगच्या कारखान्यातून रजा टाकून घरी आलो. तेरवी झाली, पाहुणे पांगले, तरी ना बाबा रडले ना मी. दोघं नुसते जेवायचो आणि आपापलं ताट धुऊन ठेवायचो.

तिकडे वावरात तण कपाशीच्या वर गेलं होतं. निंदायला बाया मिळेनात. मी तणनाशकाची बाटली आणली. आमचं बियाणं चोर बीटी. साध्या बीटीत अळीला मारणारं जनुक घातलेलं असतं, चोर बीटीत तणनाशक सोसणारं आणखी एक. त्याला सरकारची परवानगी नाही, पण गावात कोणाच्या वावरात ते नाही, तेवढं विचारा.

बाबा म्हणाले, "नोको मारू. तुह्या आईनं खांडण्या भरल्या हायेत."

जिथं बी उगवलं नाही, त्या रिकाम्या जागी आईनं पुन्हा बी लावलं होतं. चोर बीटी तोवर संपलेलं, म्हणून दुकानातलं साधं. फवारा बसला की तेवढी झाडं मरणार.

"कोणती हायेत ते दाखवा. फवारताना त्यायच्यावर बादली झाकतो मी."

बाबा ओळीओळीनं फिरले. मागून लावलेली झाडं ठेंगणी, पण तणात उंची कळेना आणि पानं तर सारखीच. जनुक काही बाहेरून दिसत नाही.

"किती असतीन?"

"असतीन थोड्याशा."

तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं, हे मला कळत होतं. पण मला तणाचा राग आला होता आणि खरं म्हणजे बाबांचाही.

"थोड्यासाठी सारं वावर घालवता का?"

ते वावराच्या कडेला, धुऱ्यावर जाऊन बसले. मी पंप पाठीवर घेतला.

आठवड्यानं पाहिलं तर तण जळालं होतं आणि अर्धी कपाशीही. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत. चोर बीटी निम्मंच उगवलं होतं. बाकीचं वावर आईनं एकटीनं वाकून भरलं होतं. उगवण पाहायचं काम बाबांनी कायम तिच्यावरच सोडलेलं, आणि मी तर गावातच नव्हतो. मला लाज वाटली. रडू तेव्हाही आलं नाही.

मी एक वाळलेलं झाड उपटायला गेलो. बाबांनी माझा हात धरला.

"रोज म्हणे, कंबर दुखून राह्यली," ते म्हणाले. "मी म्हटलं, चार खांडण्या भरल्या तं एवढं काय झालं तुले."