अमृतात बुडालेले मणी

घटक: मीठ

हे आजेसासऱ्यांनी घातलं. त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. पुढे चला.

घटक: साबण

चुलतसासऱ्यांची देणगी. त्यांच्या काळात प्रथिनं नळीच्या भिंतीला चिकटून बसत, म्हणून त्यांनी द्रावणात थेंबभर पातळ साबण टाकला. गुण आला. थेंबाने एवढा गुण तर पळीभराने केवढा, असा शास्त्रशुद्ध विचार करून त्यांनी पळीभर टाकला आणि निवृत्त झाले.

घटक: ईडीटीए

आत्याबाईंचा. रक्त गोठू नये म्हणून. आता तपासणीला रक्त येतच नाही, त्यावरचं पिवळं पाणी तेवढं येतं आणि ते गोठत नाही. पण आत्याबाईंनी घातलेलं काढायचं म्हणजे आधी आत्याबाईंना सांगायला हवं. आणि ते सांगणार कोण?

घटक: अझाइड

बुरशी धरू नये म्हणून. हा खुद्द मामंजींचा. याचं नाव घेताना उठून उभं राहायचं, एवढंच काय ते बाकी होतं.

या सगळ्या पुण्याईचं मिळून जे द्रावण होई त्याला घरात 'अमृत' म्हणत. खाली रक्ततपासणीचे संच बनवायचा कारखाना, वर घर, आणि दोन्हीकडे नियम एकच: वडीलधाऱ्यांनी घातलेलं कुणी काढत नाही.

अशा घरात सून आली, तीही शिकलेली. तिने नवी तपासणी मांडली, घरच्या नियमाप्रमाणे अमृतातच. हृदयाला इजा झाली की रक्तात एक प्रथिन उतरतं, ते पकडायचं. त्यासाठी डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक मणी दोन जातींचे. पहिल्यावर उजेड टाकला की तो प्राणवायूची ठिणगी उडवतो. जवळ दुसरा मणी असेल तर तो ती झेलून उजळतो. दोघांना जवळ आणतं ते आजारी हृदयाचं प्रथिन. म्हणजे उजेड पडला तर दुखणं, अंधार राहिला तर निरोगी.

"शुक्रवारी इस्पितळाची माणसं संच न्यायला येणार," मामंजी म्हणाले होते. "जमलं तर हे टेबल तुझं. नाही जमलं तर सूनबाई, खोक्यांना चिकटपट्टी लावायला माणूस हवाच आहे."

निकाल

अंधार. सगळीकडे.

"वा!" नवरा म्हणाला. तो विक्री बघायचा, त्यामुळे त्याला कशाचाही आनंद होई. "सगळे ठणठणीत!"

"अरे, हा नमुना झटका आलेल्या माणसाचा आहे. इस्पितळानेच दिलाय."

"बरा झाला असेल," मामंजी म्हणाले. "माणसं बरी होतात, सूनबाई. तुमच्या पुस्तकात नसेल तसं." आणि त्यांनी छाती चोळत पित्ताची गोळी तोंडात टाकली. आदल्या संध्याकाळपासून ही तिसरी की चौथी.

"दोष मण्यांचा नाही, मामंजी. अमृताचा आहे."

मामंजींनी चष्मा काढला. त्या घरात हे वादळाआधीचं लक्षण होतं.

"साबण जास्त झाला की मण्यावर बसवलेलं सगळं धुऊन निघतं. ईडीटीए कॅल्शियम ओढतो, मग त्या प्रथिनाचा आकारच ढिला पडतो आणि मणी त्याला ओळखत नाही. आणि अझाइड..." ती थांबली.

"बोल, बोल. सासऱ्याच्या तोंडावर बोल."

"अझाइड ठिणगीच गिळतो."

"तीस वर्षं एका बाटलीला बुरशी लागली नाही!"

"लागली नाही. ठिणगीही पडणार नाही."

घटक: काही नाही

तिने फक्त मीठपाणी घेतलं, त्यात साबणाचा एक थेंब. आजाऱ्याचा नमुना टाकला. उजेड मोजणाऱ्या यंत्राचा आकडा उडालाच. तिला तिथेच नाचावंसं वाटलं, पण शेजारच्या खाचेत निरोगी माणसाचा नमुना होता, आणि तोही उजळला होता. आजाऱ्यापेक्षा जास्त.

"अरे वा!" मामंजींनी टाळी वाजवली. "सूनबाईंच्या पाण्यात धडधाकट माणूसही आजारी! आमच्या अमृतात निदान कुणी मरत तरी नव्हतं." मग नवऱ्याकडे वळून, "चिकटपट्टीची गुंडाळी कुठेय रे?"

चिकटपट्टी आली. बायकोच्या हातात ती देताना नवऱ्याने मान खाली घातली, एवढं त्याच्या बाजूने नोंदवून ठेवायला हरकत नाही.

ती गुंडाळी मनगटात अडकवून सून उभी राहिली. पाणी बिघडलं असेल तर ते सगळ्यांनाच आजारी दाखवेल. मग दाखवू दे की सगळ्यांना. तिने स्वतःचं बोट टोचलं, नवऱ्याचं टोचलं, तो ओरडला. दोन्ही रक्तांवरचं पिवळं पाणी काढून त्याच मीठपाण्यात टाकलं.

अंधार. अंधार.

म्हणजे पाणी शुद्ध होतं. उजळला होता एकच निरोगी माणूस. आणि या कारखान्यात निरोगी नमुना विकत आणायची पद्धत नव्हती. घरात दणकट प्रकृतीचा माणूस असताना पैसे कशाला घालवा? सकाळीच मामंजींनी बाही वर करून ऐटीत रक्त दिलं होतं.

"मामंजी, तुमचा डावा हात दुखतोय का?"

"रक्त काढलंस ना तिथून."

"रक्त उजव्यातून काढलं."

मामंजींनी आणखी एक गोळी तोंडात टाकली.

"पित्त आहे," मामंजी म्हणाले. कपाळावर घाम होता. "अमृतात पुन्हा लाव. अमृतात बघ काय येतं."

"अमृतात तुम्ही ठणठणीतच याल. तसेच ठणठणीत पोचवू का तुम्हाला?"

इतकं उलट या घरात कुणी बोललं नव्हतं. मामंजी खुर्चीवर टेकले आणि बारीक आवाजात मुलाला म्हणाले, "गाडी काढ."

घटक: मामंजी

वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी मामंजी उशीला टेकून बसले, छातीवर तारा, बाजूच्या पडद्यावर हिरवी रेघ.

"माझा आकडा सगळ्यात मोठा ना?"

"सगळ्यात मोठा."

"ऐकलंत?" ते शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना म्हणाले. "संच आमचाच." मग हळूच, "टेबल तुझं. ती गुंडाळी माझ्या चिरंजीवांकडे दे. अझाइड काढलास?"

"काढला."

"बुरशी येईल."

"फ्रिजमध्ये ठेवू."

"आत्याचा ईडीटीए?"

"तोही काढला. तुम्ही सांगा त्यांना. आजारी माणसाला त्या काही बोलणार नाहीत."

"हुशार आहेस. आणि साबण?"

"थेंबभर ठेवलाय. तेवढा लागतो."

मामंजी ताडकन उठून बसले. "म्हणजे भावाचा साबण राहिला आणि माझा अझाइड गेला?"

हिरवी रेघ उड्या मारू लागली. नर्स धावत आली. "काय बोललात यांना? भावनिक विषय काढायचे नाहीत!"

"मामंजी," सून घाईघाईने म्हणाली, "बाटलीवर नाव तुमचंच आहे."

"मोठ्या अक्षरात?"

"मोठ्या."

रेघ खाली आली.