शेगडीची मागची बाजू

जानेवारीत बेरिलला न्यूमोनिया झाला आणि तिला स्टोकच्या हॉस्पिटलात नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा मॉरिस कालव्यावरच्या माझ्या राहत्या बोटीशी आला. आत ये म्हटलं तरी आला नाही. काठावर उभ्या उभ्याच म्हणाला, की ती घरी यायच्या आत बोट गरम ठेवणारी कोळशाची शेगडी बदलायची आहे आणि ते धूड एकट्याला उचलणार नाही.

हे शब्द त्याच्या तोंडून ऐकायला मी दोन वर्षं थांबले होते. कालव्यावरच्या एका कारखान्यात मी वीस वर्षं बोटींना शेगड्या बसवायचं काम केलंय. गुडघे गेले तेव्हा सोडलं. माझी बोट मॉरिस आणि बेरिलच्या ‘ल्यूसी मे’च्या मागे बांधलेली असते, इतकी जवळ की त्यांच्याकडे किटली शिटी घालायला लागली की मला माझीच वाटते. त्यामुळे बेरिलचा खोकलाही मला पाठ होता. सकाळी सहाला सुरू व्हायचा, मग चहा झाला की थोडा थांबायचा, आणि मॉरिसने शेगडीत कोळसा घातला की पुन्हा.

दोन वर्षांपूर्वी छातीच्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, की धूर, राख, कोळशाची धूळ, सगळं बंद. मॉरिसला ते पटलं नव्हतं. बेरिलने लग्नाआधीपासून सत्तावीस वर्षं कपबशांच्या कारखान्यात काढली होती. ती बशांच्या कडांना सोनेरी रेघ मारायची, पण बसायची मातीच्या खात्याला लागून, तिथली धूळ सगळी तिच्याकडे यायची. मॉरिस म्हणायचा, ‘हिच्या छातीत अजून अर्धा डझन कपबशा आहेत, शेगडीला कशाला नाव ठेवता?’ बेरिलही हसायची. हसता हसता खोकायची.

खरं सांगायचं तर त्याचा त्या शेगडीवर जीव होता. नऊ वर्षांपूर्वी घर विकून दोघं बोटीवर आली, तेव्हा बोटीचं सगळं काम त्याने स्वतःच्या हातांनी केलं होतं. आयुष्यभर बसगाड्यांची इंजिनं उघडलेला माणूस, त्याला दुसऱ्याचं काम पसंत पडत नसे. ओतीव लोखंडाची ती जुनी शेगडी त्याने कुठल्याशा मोडीत काढलेल्या बोटीतून आणली, घासूनपुसून काळीकुळकुळीत केली आणि कोपऱ्यात फरशांच्या ओट्यावर बसवली. पाहुणा आला की आधी शेगडी दाखवायची, मग बसायला सांगायचं.

नवी शेगडी मीच सुचवली होती. दाबलेल्या भुशाच्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणारी. वरच्या डब्यात पोतं रिकामं केलं की यंत्र आपलं आपण मोजून कांड्या आत ढकलतं. दार घट्ट बंद, जळायला लागणारी हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो, आतल्या माणसाचा त्या आगीशी संबंधच येत नाही. एकच खोट आहे. आतला पंखा आणि आग पेटवणारी तार विजेवर चालतात, आणि आमच्या काठाला वीज नाही. छपरावरचे सौर पत्रे आणि इंजिन चालवून भरलेल्या बॅटऱ्या, यावर भागवायचं.

मंगळवारी आम्ही जुनी काढायला घेतली. आधी छपरातलं धुराडं सोडवलं. मग ओट्यातले चार बोल्ट. तीन निघाले, चौथा कापावा लागला. मॉरिस एका बाजूला, मी एका बाजूला, खाली जाड फळी सरकवून आम्ही ती पुढे ओढली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिची पाठ उजेडात आली.

मागच्या पत्र्याला वरच्या डाव्या कोपऱ्यातून आडवी चीर गेली होती, माझ्या वीतभर. भिंतीच्या फरशांवर तिच्यासमोर काजळीचा पंखा उमटला होता, वर पार छतापर्यंत. धूर धुराड्यातून जाण्याऐवजी थोडा थोडा तिथून आत येत होता. वारा फिरला की जास्त. चिरेच्या एका टोकाला भट्टीचं सिमेंट शिल्लक होतं, बाकीचं गळून मागे पडलेलं. त्या उरलेल्या तुकड्यावर अंगठ्याचा ठसा होता.

मी विचारलं, ‘हे कोणी भरलं?’

 मॉरिसने खाली वाकून तो तुकडा नखाने काढला. मग ओट्यावर बसला.

‘आणली तेव्हाच तडकलेली होती,’ तो म्हणाला. ‘बारीकशी होती. भरली, घासली, रंग मारला. मला वाटलं, धरेल.’

‘आणि अलार्म?’ मी विचारलं. बोटीत विषारी वायूचा अलार्म लावावाच लागतो, आणि भिंतीवर त्याच्या जागी नुसता खिळा होता, हे मला त्याच क्षणी दिसलं. इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं.

अलार्म चमच्यांच्या खणात होता. दोनदा वाजला होता, एकदा रविवारी जेवताना आणि एकदा बेरिल कपडे वाळत घालत होती तेव्हा. मॉरिसने ठरवलं, की यंत्र बिघडलंय, आणि सेल काढून ठेवून दिलं.

 मग तो म्हणाला, ‘बेरिलला सांगू नकोस.’ मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हात धुतले आणि कामाला लागले. हीच माझी चूक. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणंच होतं, आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

दुपारी भंगारवाला व्हॅन घेऊन आला आणि शेगडी गेली. पुढचे तीन दिवस नवीच्या कामात गेले. फरशा घासल्या, भिंत रंगवली, नवं दुहेरी धुराडं बसवलं, जास्तीची बॅटरी जोडली. अलार्म नवा आणून मी स्वतः खिळ्याला अडकवला. मी सांगेन ते मॉरिस धरत होता, देत होता. एकदाही माझ्या कामाला नाव ठेवलं नाही, यावरूनच मला त्याची काळजी वाटायला लागली.

बेरिल घरी आली तेव्हा तिला जिना उतरतानाच फरक कळला. कोळशाची बादली नाही, राखेचा डबा नाही, खिडकीच्या कडेला काळी धूळ नाही. ती शेगडीसमोर खुर्ची ओढून बसली, काचेआडच्या ज्वाळेकडे बघत राहिली आणि म्हणाली, पंख्याचा आवाज मांजर घोरतंय तसा येतो.

पंधरा दिवसांत तिचा खोकला निम्म्यावर आला. महिन्याभरात ती काठाने पुलापर्यंत चालायला लागली. सकाळी सहाला मी जागी व्हायचे, कान द्यायचे, तर पलीकडे शांत. भेटेल त्याला ती सांगायची, की माझ्या मॉरिसने मी आजारी असताना ही शेगडी बसवली, न सांगता, मला खूश करायला. येणारेजाणारे बोटवाले त्याची पाठ थोपटायचे. आणि तो तिथून उठून जायचा.

ती जसजशी बरी होत गेली तसतसा तो खचत गेला. दाढी वाढली. दोन पावलं चालला की थांबायचा. रोज तासभर इंजिन चालवून बॅटऱ्या भरायच्या, हे त्याचं काम ठरलं होतं. तो एक दिवस चालवायचा, दोन दिवस विसरायचा. मी आठवण केली तर म्हणायचा, करतो. बेरिलला वाटलं, दगदगीने थकला असेल. एकदा मला म्हणाली, ‘हॉस्पिटलात मी होते आणि आजारपण याला लागलं बघ.’

एका सकाळी तिने मला ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी, खायला बोलावलं. मॉरिस पाणी भरायला गेला होता. तव्यावर चीज वितळत होतं, आणि माझ्याकडे पाठ करूनच तिने विचारलं, ‘पोरी, इतका कसा गं फरक पडला? इतकी वर्षं आम्ही कपबशांना शिव्या देत होतो.’

मी म्हटलं, कोळसा तो कोळसाच.

‘पुढच्या बोटीतल्या मॅगीकडेही कोळसाच आहे. तिला कुठं काय होतं?’ तिने वळून पाहिलं. ‘जुनी काढलीत तेव्हा काही दिसलं का तुला?’

‘जुनी झाली होती,’ मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग ताटली माझ्यापुढे ठेवली. 

मार्चच्या सुरुवातीला पुन्हा थंडी पडली. कालव्यावर बर्फाचा पातळ पापुद्रा आला, आणि चार दिवस सूर्य दिसला नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी माझा छोटा जनरेटर ओढत त्यांच्या बोटीवर गेले, कारण त्यांच्या धुराड्यातून काही निघत नव्हतं. आत दोघं पांघरुणं घेऊन बसली होती. शेगडी काळी, पंखा बंद. बॅटऱ्या पार उतरल्या होत्या. मॉरिसने आठवडाभर इंजिनाला हात लावला नव्हता. बेरिलचे ओठ निळसर दिसत होते. मी जनरेटरची वायर आत घेत होते, तेव्हा ती सहजच म्हणाली, अगदी वाईट हेतू नसताना,

‘जुनी बरी होती रे मॉरिस. विजेवाचून पेटायची तरी.’

‘बरी नव्हती,’ मॉरिस म्हणाला.

आणि त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, चिरेपासून खणातल्या अलार्मपर्यंत. मध्ये थांबला नाही, सारवासारव केली नाही. इंजिनाचा बिघाड सांगावा तसा, एकेक भाग सुटा करून. मी वायर हातात धरून तशीच उभी होते.

त्याचं संपल्यावर बेरिलने विचारलं, ‘मी सांगायचे ना तुला, डोळे चुरचुरतात म्हणून?’

‘सांगायचीस.’

‘तू काय म्हणायचास?’

‘खिडकी उघड म्हणायचो.’

‘आणि मी उघडली की?’

मॉरिसने मान खाली घातली. ‘थंडी येते म्हणायचो.’

मग ती माझ्याकडे वळली. ‘तुला माहीत होतं.’ ती विचारत नव्हती. मी म्हटलं, जानेवारीपासून. तिने मान हलवली, जसं काही मी तिला आज कोणता वार आहे ते सांगितलं होतं. मी जनरेटर जोडला. दहा मिनिटांनी शेगडी पेटली. 

पुढच्या गुरुवारी तिची बहीण जॉइस साउथपोर्टहून गाडी घेऊन आली. बेरिलचं सामान एका सुटकेसमध्ये मावलं. मॉरिसने ती काठापर्यंत आणून दिली. जाताना बेरिल माझ्यापाशी थांबली. म्हणाली, ‘मी रागावून जात नाहीये, हे त्यालाही सांगितलंय. पण इथं बसले की प्रत्येक श्वास मोजत बसते. तसं जगता येत नाही गं.’ मी माफी मागायला तोंड उघडलं. तिने माझ्या दंडावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

एप्रिलमध्ये तिकडच्या डॉक्टरने तपासलं. जे गेलं ते परत येणार नाही, आहे ते टिकवायचं, असं त्याने सांगितलं. किती कपबशांमुळे आणि किती चिरेमुळे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. मला वाटतं, मॉरिसला कोणी आकडा दिला असता तर बरं झालं असतं. आता सगळंच त्याने आपल्या नावावर घेतलं.

तो दर रविवारी तिला फोन करायचा. हवा कशी आहे, जॉइसची कमर कशी आहे, कालव्यात पाणी किती आहे. पाच मिनिटांत संपायचं. मी दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही.

नोव्हेंबरात एका दुपारी बेरिलचा मला फोन आला. आवाज बारीक झाला होता, मध्ये मध्ये दम घेत होती. इकडचं तिकडचं काही नाही. एकदम विचारलं, ‘तो शेगडी पेटवतो का?’

मी म्हटलं, ‘नाही. कोट घालून बसतो. पोती तशीच पडली आहेत.’



‘पेटव म्हणावं त्याला,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी गेले. मॉरिस खिडकीशी बसला होता, हातमोजे घालून, समोर गार झालेला चहा. मी निरोप सांगितला.

‘ती म्हणाली असं?’

‘असंच म्हणाली.’

तो उठला नाही. पोतं मीच फोडलं, कांड्या डब्यात ओतल्या, बॅटरी पाहिली आणि बटण दाबलं. ही शेगडी पेटायला वेळ घेते. आम्ही दोघं काचेकडे बघत बसलो. आत लाल ठिपका दिसायला लागला, तेव्हा त्याने विचारलं, नाताळला येण्याबद्दल काही म्हणाली का.

मी म्हटलं, नाही, त्याबद्दल काही म्हणाली नाही.

त्याने हातमोजे काढले आणि मांडीवर ठेवले.