टॅबमधलं कुंकू

देवेशने टॅब आणून दिला तेव्हा म्हणाला होता, "बाबा, आता रोज समोरासमोर बोलू." देवेश माझा मुलगा. तो राहतो बोरिवलीला आणि मी कांजूरमार्गला. अंतर फार तर दीड तासाचं, पण त्याच्या बाजूने मोजलं की ते हल्ली वाढतं. पूर्वी तो एक रविवार आड यायचा. टॅब आला आणि त्याचं येणं थांबलं. आता रविवारी अकराला त्याचं तोंड येतं, चार मिनिटांसाठी. रोजच्या बोलण्याचं काय झालं ते त्यानेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

टॅब आठ दिवसांचा झाला नाही तोच खरखरायला लागला. देवेशचं "हॅलो" आलं की बरोबर कढईत चिवडा परतल्यासारखा आवाज. चार्जिंगही मनाला येईल तेव्हा व्हायचं. मी म्हटलं, "अरे, खरखरतंय बघ." तो म्हणाला, "मग ठेवतो बाबा, ऐकूच येत नसेल तर काय बोलणार?" चाराची दोन मिनिटं झाली. मला त्या टॅबचा असा राग आला की खिडकीतून खाली टाकावा. पण खिडकी बंद होती. आमच्याकडे डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास सुटला की खिडक्या लावून बसतात.

पुढच्या रविवारी दिशाने, माझ्या नातीने, कानांवर हात ठेवले. "आजोबा, तुमचा टॅब ओरडतो." हा माझा अपमानच होता. पंचवीस वर्षं मी परळच्या एका गिरणीत फिटर होतो. यंत्र ओरडायला लागलं की जॉबर, म्हणजे आमच्या खात्याचा मुकादम, म्हणायचा, दशरथ सावंतला बोलवा. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचो, मूठ कानाला लावायचो आणि आत काय दुखतंय ते सांगायचो. लोक डॉक्टर म्हणायचे. आता सातशे ग्रॅमच्या एका पाटीपुढे डॉक्टरची वाट लागली होती.

"राहू दे बाबा," देवेश म्हणाला. "पुढच्या रविवारी मी येऊनच बघतो."

"तू येतलंस? नक्की?"

"येतो ना. जेवायलाच येतो."

तो आठवडा माझा बरा गेला. खोटं कशाला सांगू, फार बरा गेला. सोमवारीच बांगडे कुठे चांगले मिळतील याची चौकशी सुरू केली.

पण हाताला सवय वाईट. गुरुवारी दुपारी टॅब समोर बिघडलेला पडला होता आणि मला बघवेना. स्क्रूड्रायव्हर काढला, टोक स्पीकरच्या भोकांपाशी हलकेच टेकवलं आणि मूठ कानाला लावली. गाणं सुरू केलं. आवाज आतल्या भागाचा नव्हता, जाळीवर काहीतरी नाचत होतं. भिंग लावून बघतो तर लाल कण.

कुंकू!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. टॅब आला आणि दोनच दिवसांनी दसरा होता. गिरणी बंद पडली तरी मी हत्यारांची पूजा सोडलेली नाही. पाटावर नटबोल्टचे पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर मांडतो, झेंडू वाहतो. यंदा पाटावर टॅबही ठेवला. नवीन यंत्र घरात आलं आणि दसऱ्याला तसंच कोरं राहिलं, हे आमच्यात चालत नाही. पण माझी बायको सुगंधा असताना कुंकू ती लावायची. बोट पाण्यात बुडवून, मग कुंकवात, मग हलकं टेकवायची, म्हणून ते जागच्या जागी बसायचं. ती गेली त्याला तीन वर्षं झाली. मी आपला चिमूट भरून हळद-कुंकू, अक्षता वरून टाकल्या. हत्यारांना काय फरक पडतो! टॅबने ते सगळं स्पीकरमध्ये आणि चार्जिंगच्या खाचेत भरून घेतलं.

जुन्या दातांच्या ब्रशाने जाळी झाडली, टूथपिकने खाच साफ केली. तोंडाने फुंकर घालायची नाही, ओल आत जाते. अर्ध्या तासात आवाज स्वच्छ. चार्जिंग सुरू. मी एकटाच मोठ्याने म्हटलं, "झकास!"

आणि मग लक्षात आलं की आता देवेशने यायचं कशाला?

शुक्रवार त्यातच गेला. फोन करून सांगावं, बिघाड काढला, तरी ये. पण त्याचं उत्तर मला पाठ होतं. "अरे वा बाबा, मग तर प्रश्नच मिटला."

आमच्या खात्यात एकदा एका माणसाने रागाच्या भरात साच्याच्या, म्हणजे मागाच्या, गिअरमध्ये वाळू घातली होती. ती मी कानाने ओळखली आणि ब्रेकडाऊनच्या रजिस्टरात जसंच्या तसं लिहिलं, मुद्दाम केलेला बिघाड. तो माझ्या गावचा होता, माझ्या पंगतीत जेवलेला. नंतर मी त्याच्याशी आयुष्यात बोललो नाही. यंत्रात वाळू घालणारा माणूस माझ्या लेखी माणूसच नव्हता.

शनिवारी संध्याकाळी मी देवघरातला करंडा घेतला आणि चिमूटभर कुंकू स्पीकरच्या भोकांवर टाकून बोटाने आत दाबलं.  सुगंधाच्या फोटोकडे मी पाहिलं नाही.

रविवारी बांगड्याचं तिखलं केलं, सोलकढी केली, दोन पानं मांडली. अकराला बेल वाजली. दारात चाळिशीचा एक टक्कल पडलेला माणूस, खांद्याला बॅग.

"दशरथ सावंत? मी अंबादास, टॅब दुरुस्तीला. देवेश सरांनी बुकिंग केलंय. त्यांना काहीतरी काम निघालं म्हणे."

मी त्याला आत घेतलं. मांडलेल्या दोन पानांकडे त्याने बघितलं आणि बॅग उघडायला घेतली.

तो शांतपणे काम करत होता. भिंगाचा दिवा लावून बराच वेळ स्पीकर बघत राहिला. ते बघणं मला ओळखीचं होतं. मीही तसंच बघायचो, बिघाड कळल्यानंतर, माणूस कळेपर्यंत.

"काका," तो हळू आवाजात म्हणाला, "हे आतून कुणीतरी चांगलं साफ केलंय. एकदम कारागिराचं काम. आणि त्यावर परत कुंकू आहे. हे ताजं आहे."

 त्याने झाडून घेतलं, गाणं लावून तपासलं, मग मोबाइल काढला. "बिघाडाचं कारण भरावं लागतं. ज्यांनी बुकिंग केलंय त्यांना मेसेज जातो. मी धूळ लिहितो, चालेल ना?"

चाललं असतं. त्या भल्या माणसाने दार उघडून धरलं होतं. पण रजिस्टरात खोटं मी कधी लिहिलं नाही, आणि त्या गाववाल्याला जो न्याय लावला तो मला नको का?

"मुद्दाम केलेला बिघाड, असं लिहा," मी म्हटलं. "दशरथ सावंतने केला, असं लिहा."

"वॉरंटी जाईल, काका."

"जाऊ दे."

त्याने लिहिलं. मी जेवायचा आग्रह केला, पण त्याची अजून तीन घरं बाकी होती. सोलकढी मात्र त्याने उभ्याउभ्याच प्यायली आणि भांडं स्वतः धुऊन ठेवलं. दारात थांबून म्हणाला, "माझा बाप बीडला असतो, काका. एकटाच." मग जिना उतरून गेला.

दहा मिनिटांत टॅब वाजला. देवेश.

"बाबा, मेसेज आलाय. हे काय लिहिलंय त्या माणसाने?"

"बरोबर लिहिलंय."

"तुम्ही मुद्दाम? का पण?"

"तू येणार होतास म्हणून."

 स्पीकर इतका स्वच्छ होता की त्याच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू आली, आतल्या खोलीत दिशा कुणाला तरी हसत होती ते ऐकू आलं, त्याने खुर्ची मागे सरकवलेलीही ऐकू आली. पडद्यावर त्याची नजर खाली गेली होती. लहानपणी चोरी पकडली गेली की तो असाच खाली बघायचा. आज चोरी माझी पकडली गेली होती, पण मान खाली त्याने घातली.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "आवाज खरखरतोय हो. काही ऐकू येत नाही. मी नंतर करतो."

माझ्या कानाला बिघाड फसवत नाही. खरखर कुठेच नव्हती.

"होय रे," मी म्हटलं. "माझ्याकडेपण खरखरतंय. ठेव तू."