जॅमच्या बरणीवरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बरणी आहे, आणि माझ्या पोटात नासलेल्या जॅमचा दोष मी आजही पत्करत नाही. फिरोजाबादच्या भट्टीत मी घडले आणि झाशीच्या नगरा भागात, रेल्वेत कारकून असलेल्या श्रीकृष्णरावांच्या घरी आले. स्वातंत्र्याला तेव्हा पंधरा-सोळा वर्षे झाली होती.

त्यांच्या अंगणात पेरूचे झाड होते. हिवाळ्यात सगळी फळे एकदमच पिकत. खाऊन, वाटूनही उरत आणि टोपलीत कुजत. श्रीकृष्णरावांच्या पत्नीला, इंदूला, ते पाहवत नसे. शेजारच्या खोलीत चंद्रभागा राहत होती; साताऱ्याकडची, नवरा झाशीजवळच्या बबीन्याच्या लष्करी छावणीत हवालदार. दोघींनी मिळून जॅम करायचे ठरवले. पेरू शिजवून, गाळून बिया काढल्या. गरात साखर आणि लिंबाचा रस घालून तो आटवला. ताटलीत टाकलेला थेंब पसरेना, तेव्हा पातेले उतरवले. उकळीने फळातले जंतू मरतात. साखर उरलेले पाणी धरून ठेवते, म्हणून बुरशीला वाढायला ओल मिळत नाही; लिंबाचा आंबटपणाही नासण्याला अडवतो. तो कढत जॅम मी काठापर्यंत घेतला आणि चंद्रभागेने माझे झाकण घट्ट लावले.

पण थोड्याच दिवसांत माझ्यात पांढरी बुरशी धरली. इंदूच्या सासूबाई, अनुसूयाबाई, सोवळ्याच्या कडक. त्या म्हणाल्या, "कुणाचाही हात लागला की असंच व्हायचं. उद्यापासून ती स्वयंपाकघरात येणार नाही."

चंद्रभागा दारातच उभी होती. "काकी, माझ्या हातानं नासत असतं, तर आमचे हवालदार कवाच नासले असते."

इंदूला हसू आले, सासूबाईंना नाही.

मला बोलता येत असते, तर मी गप्प बसले नसते. रोज सकाळी अनुसूयाबाई चमचा धुऊन, तसाच निथळत माझ्यात घालत. त्या पाण्याने वरचा थर पातळ होई, साखरेची पकड सुटे आणि हवेतून आलेली बुरशी तिथे रुजे. इंदूनेही ते पाहिले होते.

"आई, चमचा ओला असतो."

"ओला आहे म्हणूनच शुद्ध आहे."

"मग दोन बरण्या भरू. एक तुमची, एक चंद्रभागेची. ती कोरडा चमचा घालील, तुम्ही तुमच्या पद्धतीनं."

"आणि तिची नासली तर?"

"तर मी तिला पुन्हा घरात बोलावणार नाही. पण टिकली, तर ती चुलीपाशी बसेल."

बुरशी आलेला जॅम इंदूने सगळाच टाकून दिला, मला उकळत्या पाण्याने धुतले आणि उन्हात खडखडीत वाळवले. नवा जॅम घेऊन मी चंद्रभागेच्या वाट्याला आले. दुसरी बरणी फळीवर माझ्या शेजारीच होती. चंद्रभागेने त्या घरात यायचे की नाही, हा प्रश्न माझ्या पोटात होता, आणि मला हरायचे नव्हते.

होळीच्या सुमारास अनुसूयाबाईंनी आपली बरणी उघडली. आंबूस वास आला. कडेला पांढरे ठिपके होते. मग त्यांनी माझे झाकण काढले. आत पेरूचाच वास होता. मग त्यांनी चमचा धुतला, कोरड्या फडक्याने पुसला आणि उजेडाकडे धरून कुठे थेंब राहिला नाही ना, ते पाहिले. नंतर चुलीजवळ पाट मांडला.

"झाडावर शेवटचे पेरू राहिलेत," त्या म्हणाल्या. "बैस इथे, चंद्रभागे."

मित्रांनो, आता माझे झाकण सैल झाले आहे. माझ्यात जॅम भरू नये, एवढे मी मान्य करते. ज्या बरणीत भराल तिला नीट धुवा, पण त्याहून नीट वाळवा. बुरशी दिसली तर वरवर खरवडून उरलेले खाऊ नका. आणि नासल्याचा दोष दुसऱ्याच्या हाताला देण्याआधी स्वतःचा चमचा उजेडात धरून पाहा.