सोबतीला मोना

वरची खोली भाड्यानं द्यायचं ठरलं तेव्हा मी शाळेत होते, चौथीच्या पोरांकडून पाढे म्हणून घेत. संध्याकाळी घरी आले तर दादा सुताराशी बोलत होता, वहिनी पडद्यांचं माप घेत होती, आणि आईनं मला बातमी दिली की पोलंड नावाच्या देशातली एक बाई येणार. शिरोलीच्या एका फौंड्रीत मशिनी बसवायला आलीय, वर्षभर राहणार, भाडं कंपनी देणार. मी म्हटलं, मला कुणी विचारलं का?

"तुला काय विचारायचं त्यात? तू काय परकी हायस?" आई म्हणाली.

आमच्या घरात हे असं आहे. परक्याला विचारतात, घरच्याला गृहीत धरतात.

कळंब्याचं हे घर बांधलं आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. वरची खोली चढवली तेव्हा चार माणसांत ते म्हणाले होते, ही मोनीची. लग्न होवो न होवो, पोरीला स्वतःचं एक दार असावं. लग्न झालं नाही. आधी पत्रिका, मग रंग, मग आण्णांचं आजारपण, आणि शेवटी वय. आण्णा गेल्यावर त्या दारातून सगळे आत गेले, मी सोडून. वहिनीच्या माहेरचे पाहुणे राहिले, भाच्याचं, म्हणजे ऋतुराजचं, क्लासचं सामान राहिलं, नंतर गव्हाची पोती राहिली. आता गहू काढून पोलंड.

मी कुठं झोपायचं हा प्रश्न कुणाला पडत नाही, कारण मी कुठंही झोपते. माझी वळकटी आईच्या खोलीत दारामागं उभी असते. पातळ गादी, एक वाकळ, एक उशी, वर दोरी. आईला एकटीला झोप येत नाही म्हणून मुक्काम तिथं. बाकी वहिनीची दोन्ही बाळंतपणं, मावशीचा मोतीबिंदू, काकांचं मोडलेलं हाड, शेजारच्या तानाबाईचा नवरा पलटणीतून येईपर्यंतचे महिने, सगळीकडं एकच वाक्य, मोनाला पाठवा सोबतीला. माणसाला रात्री एकटं ठेवायचं नाही ही आमची रीत, आणि रीत पाळायची मी. निम्म्या जिल्ह्याच्या घरांची छतं मला तोंडपाठ आहेत.

पोलंडच्या बाईच्या बिछान्यावर मात्र आठवडाभर खल झाला. परदेशी माणसं जमिनीवर झोपत नाहीत, हे दादाचं ज्ञान. कापसाची गादी त्यांना टोचते, हे वहिनीनं मोबाईलवर बघितलेलं. शेवटी पलंग आला, त्यावर वीतभर जाडीची फोमची गादी, दोन टणक उशा, सोलापुरी चादर आणि वाघाचं चित्र असलेलं ब्लँकेट. गादीचं प्लॅस्टिक कुणी काढलं नाही. नव्या वस्तूला डाग पडायला नको, आणि पाहुण्याचा मान म्हणजे वस्तू कोरी दिसली पाहिजे. मार्च महिना होता. प्लॅस्टिकवर चादर टाकून एका जित्या माणसाला आम्ही त्यावर भाजायला घालणार होतो. माझ्या ते लक्षात आलं होतं, पण मी तोंड उघडलं नाही. खोली माझी नाही, तर तिच्यातल्या प्लॅस्टिकशी मला काय करायचंय?

बाईंचं नाव डोरोता. आईनं पहिल्याच दिवशी त्याचं दुर्पदा केलं. पन्नाशीची, उंच, आखूड केसांची, थोडं आणि सरळ बोलणारी. तिनं गादीवर तळवा दाबला, प्लॅस्टिक करकरलं, आणि आम्ही सगळे दारात उभे असताना तिनं ते दोन्ही हातांनी टराटरा फाडून काढलं. आईनं तोंडाला पदर लावला. नवी कोरी गादी सोलली की हिनं, असं ती नंतर महिनाभर येईल त्याला सांगत होती.

त्याच दिवशी जेवणं झाल्यावर आईनं वळकटी माझ्या हातात दिली. म्हणाली, परक्या मुलखातली बाई, दचकून उठली तर कुणाला हाक मारंल? चार दिस तुझ्याबिगार मी कशीबशी काढीन, वहिनीची धाकटी झोपंल माझ्याजवळ. मी म्हटलं, तिनं मागितलीय का सोबत? आई म्हणाली, पावणं तोंडानं मागत असतंय व्हय?

गेले. काय करणार? डोरोतानं दार उघडलं, वळकटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी इंग्रजीत सांगितलं की तुम्हाला एकटं वाटू नये म्हणून आईनं पाठवलंय. तिनं विचारलं, आज? मी म्हटलं, हो. रोज, असं सांगायला हवं होतं, पण सोबत एका दिवसाची नसते हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही.

मग चालू झाले आम्हा दोघींचे हाल. ती सभ्य बाई, तोंडानं काही म्हणेना. कपडे न्हाणीत बदलायची, घरच्यांशी फोनवर गच्चीत जाऊन बोलायची, पुस्तक वाचताना दिव्याला रुमाल गुंडाळायची. मी भिंतीकडं तोंड करून पडायची आणि माझ्या डोक्यात कुकर शिजायचा. आण्णांनी जी खोली माझी म्हणून बांधली, तिच्यात मी दुसऱ्याच्या पलंगाशेजारी खाली झोपत होते, आणि सकाळी उठून आपली वळकटी गुंडाळून खाली आणत होते. मला ती बाई आवडायची नाही. तिचा काही दोष नव्हता, तरी आवडायची नाही.

पंधरवड्यात तिची पाठ धरली. फोममध्ये आपण चिखलात रुतल्यासारखं वाटतं, म्हणाली, कडक गादी पाहिजे, कापसाची. दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिला शिवाजी पेठेत मुनव्वरभाईंच्या दुकानात न्यायचं काम अर्थातच माझ्याकडं. आमच्या घरच्या सगळ्या गाद्या त्यांच्याच हातच्या. त्यांनी टेप काढून विचारलं, एकट्याची का दोघांची? डोरोतानं एक बोट वर केलं. कापूस किती, कापड कुठलं, टाके किती जवळ, सगळं तिनं स्वतः बघून, दाबून, नाकाला लावून ठरवलं. तिची उंची मोजून गादी चार बोटं वाढवली. मी नुसती भाषांतर करत उभी होते. टेप गुंडाळता गुंडाळता मुनव्वरभाई म्हणाले, "ताई, तुमची कंदी करायची? तुमच्या मापाची एकबी केल्याची मला याद न्हाय."

मी म्हटलं, घरात ढीग पडलाय गाद्यांचा. खोटं नव्हतं ते. पण घरी येईपर्यंत रिक्षात मी त्या बाईशी एक शब्द बोलले नाही.

त्याच आठवड्यात तिनं सुतार बोलावून दाराला वरून एक नवी कडी बसवून घेतली. खालची जुनी कडी ढकललं की निसटायची, आणि वहिनीची धाकटी केव्हाही आत घुसायची. आईला हे फार लागलं. भरल्या घरात कुणी कड्या लावतंय का, म्हणाली. पण पाहुणीला बोलायचं कसं? मग मलाच बोलली.

एका रविवारी सकाळी कंपनीचा माणूस आला. यशराज त्याचं नाव, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. दादानं त्याला सोफ्यावर बसवलं, आई येऊन बसली, मी चहा घेऊन आले. त्यानं आधी घराची स्तुती केली, मग हवेची, मग म्हणाला, मॅडम अगदी खूश आहेत, एकच छोटी अडचण आहे.

"ते तुमच्या कामवाल्या मावशी वर झोपतात ना, त्यांची सोय दुसरीकडं झाली तर बरं होईल. मॅडमना खोलीत एकटं झोपायची सवय आहे."

ट्रे माझ्या हातात होता. मी दादाकडं बघितलं. दादा कपाकडं बघत होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून आत सरकली.

"ती माझी लेक हाय," आई म्हणाली.

यशराजचा चेहरा पांढरा पडला. सॉरी सॉरी म्हणत तो अर्धा उठला, दादानं त्याला पुन्हा बसवलं आणि म्हणाला, असू दे हो, गैरसमज होतोय, आजपासून बंद करू. मग दोघं सांगलीच्या रस्त्याबद्दल बोलायला लागले. बस्स. माझ्या अपमानाची किंमत तेवढीच, एक असू दे हो.

मी तशीच वर गेले. डोरोता गच्चीच्या कठड्यावर आपल्या देशातून आणलेली पांढरी रजई उन्हाला टाकत होती. मी म्हटलं, मी कामवाली नाही. या घरची मुलगी आहे. शाळेत शिकवते. तुझ्या सोबतीला येत होते, उपकार म्हणून, आणि तू खाली माणूस पाठवून माझी लाज काढलीस. इंग्रजी माझं रागात बरं निघतं.

ती शरमेनं लाल झाली. दोनदा माफी मागितली, मनापासून मागितली. तिला वाटलं होतं की मला झोपायला जागा नाही म्हणून मला तिच्या खोलीत टाकतात. मग म्हणाली, रोज माझी गादी खाली जाते नि वर येते हे ती बघते, म्हणून तिचा तसा समज झाला. आणि मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "मग तुझी खोली कुठली?"

काय सांगणार? दारामागं? शेवटी मी हात करून तिच्या पाठीमागची खोली दाखवली. ती वळली. पलंग, मुनव्वरभाईंची गादी, आपल्या बॅगा, सगळ्याकडं तिनं बघितलं. रजई उचलून ती आत गेली. मला तिचा राग आला होता, तो कुठंतरी भलतीकडंच गेला, आणि जिथं गेला तिथं तो आधीपासूनच होता.

महिना संपायच्या आत डोरोता कंपनीच्या फ्लॅटमध्ये गेली. जाताना म्हणाली, तिथं पलंग गादीसकट आहे, ही गादी इथंच राहू दे. मी मान हलवली. मैत्रीबित्री काही झाली नव्हती आमची.

त्याच दिवशी जेवताना सगळं ठरून गेलं, मी भाकरी वाढत असताना. वरची खोली ऋतुराजला, बारावीचं वर्ष आहे, एकांत पाहिजे. आणि नृसिंहवाडीला वहिनीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हातारी एकटी आहे. मोना जाईल की सुट्टी टाकून, वहिनी म्हणाली, आणि आमटी घेतली.

"मी जाणार नाही," मी म्हटलं. "आणि वरची खोली माझी आहे. आण्णांनी सांगितलं होतं."

सगळ्यांचे हात थांबले. मग दादा जे बोलला ते सगळं लिहिण्यात अर्थ नाही. पोराच्या वर्षाचं वाटोळं करणार का, वहिनीच्या माहेराला काय तोंड दाखवायचं, आण्णा बोलायला काय, कायबी बोलायचे. ऋतुराज म्हणाला, राहू दे बाबा, मी हॉलमध्ये करीन अभ्यास. त्याला दादानं गप्प केलं. आणि मग दादा माझ्याकडं वळला.

"एकट्या बाईला अख्खी खोली कशाला लागती, मोने? झोपायपुरती जागा हाय की तुला."

मी आईकडं बघितलं. चार माणसांत आण्णा बोलले तेव्हा त्या चारांत ती होती. ती ताटात बोट फिरवत राहिली.

मी हात धुतले. आईच्या खोलीत गेले, दारामागची वळकटी उचलली आणि जिना चढले. वर जाऊन दार लावलं, खालची कडी सरकवली. पलंगावर मुनव्वरभाईंची गादी होती, माझ्यापेक्षा वीतभर लांब. तिच्यावर माझी वाकळ पसरली आणि पडले. पाय लांब केले, हात बाजूला टाकले, कुणाला लागले नाहीत. सुख वाटेल असं वाटलं होतं, पण मी चोरासारखी कान देऊन पडले. खाली भांडी आदळत होती. थोड्या वेळानं दिवे मालवले.

मग जिन्यावर पावलं वाजली. आईचे गुडघे दुखतात, ती एका पायरीवर दोन्ही पाय टेकते आणि मग पुढची चढते. डोरोता आली तो दिवस सोडला तर वर्षानुवर्षं ती वर आली नव्हती. दाराशी येऊन थांबली, दम खाल्ला.

"मोने. आत कोण हाय सोबतीला?"

"कुणी न्हाय."



"तुझं आण्णा गेल्यापास्नं मी एकटी झोपले न्हाय गं."

"मी जन्मल्यापास्नं झोपले न्हाय, आई."

ती रडली असती तर मी दार उघडलं असतं. शिव्या दिल्या असत्या तरी उघडलं असतं, इतकं मला माझं माहीत आहे. मी उठून बसले होते आणि पाय जमिनीला टेकवले होते. तिनं दारावर हात ठेवला असावा, कारण दार जरा आत आलं आणि खालची कडी खडखडली.

"नुसती खालचीच लावलीस न्हवं?" ती म्हणाली. "ती निसटती. वरची लाव."

मग ती वळली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत खाली गेली. मी उठले आणि वरची कडी लावली.