नलूच्या पायातला दोर

शाळेच्या ऑफिसात पाऊल टाकताच जी आई आधी माफी मागते, तिचं मूल कसं असेल हे आपल्याला सांगावं लागत नाही. मथुरा तशीच आली. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. नवरा भैयालाल भट्टीच्या बांधकामावर अवजड सामान चढवणारा खलाशी, ती स्वतः घमेली वाहायची. हाताशी सात वर्षांची नलू होती.

"गुरुजी, माफी करा, पोरीले ऐकू येत नाही. तापात कान गेले तिचे. पन डोक्यानं हुशार हाय जी."

हेडमास्तर शालिकराम गुरुजी तसे भले गृहस्थ. त्यांनी मराठी वर्गाच्या शीलाबाईंकडे पाहिलं. "वर्ग तुमचा, बाई. तुम्हीच सांगा."

"ऐकू न येणारं मूल मी कसं शिकवू? घरीच ठेवा तिला," शीलाबाई म्हणाल्या. आवाज इतका कोरडा होता की गुरुजीही चपापले.

मथुरेनं पोरीचा हात धरला आणि निघून गेली.

वाचकहो, यातली खरी लाजिरवाणी गोष्ट पुढेच आहे. शीलाबाईंना स्वतःलाच ऐकू येत नव्हतं! लहानपणी गोवरात एक कान पुरता गेला, दुसऱ्यात जेमतेम धुगधुगी उरली. आईविना पोरीला आत्या ठकूबाईनं भंडाऱ्याला वाढवलं. चुलीपुढे समोरासमोर बसवून ओठांवरून बोलणं ओळखायला शिकवलं. पुढे नोकरी लागताना दोघींनी ही गोष्ट गिळून टाकली. बाईंच्या वर्गाची शिस्त कारखान्याच्या वसाहतीतल्या साऱ्या सेक्टरात नावाजलेली होती. उत्तर देताना उभं राहायचं, बाईंकडे तोंड करायचं, तोंडावर हात न्यायचा नाही, आणि शिकवलेलं सगळं फळ्यावर लिहिलेलं असायचं. पालक वाहवा करत. शिस्त कसली, बहिरेपण झाकायची तजवीज होती ती! नलू वर्गात आली तर आपलंही बिंग फुटेल, एवढीच बाईंना धास्ती होती.

दिवाळीनंतर शाळेत न येणाऱ्या मुलांची घरं पाहायचं काम निघालं. शीलाबाई मजुरांच्या कॅम्पात गेल्या. मथुरेच्या झोपडीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत नलू बसली होती, आणि तिच्या पायातला दोर खाटेच्या खुराला बांधलेला होता.

कॅम्पात रांगती लेकरं अशी बांधून ठेवायची रीतच होती. आईबाप दोघं कामावर, बाहेर ट्रक आणि डंपरची रांग. लेकरू चालायला, हॉर्न ओळखायला लागलं की दोर सुटायचा. नलूचा कधी सुटलाच नाही. घोट्याभोवती कातडं सोलून जखम चिघळली होती, तिच्यावर माश्या बसत होत्या. पोर रडत नव्हती. बाईंना पाहून ती हसली, आणि त्या हसण्यानं बाईंच्या काळजाचं पाणी झालं.

मथुरा धापा टाकत आली. "काय करू बाई? मांगून गाडी आली तं तिले समजत नाही. शाळेत बसली असती तं बांधलं असतं का मी?"

घरी येऊन शीलाबाई जेवायला बसल्या आणि ताट बाजूला सारलं. भिलाईतही सोबत राहणाऱ्या ठकूबाईनं खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर पडलं.

"शीले, तुले मी बांधलं होतं का वं?" ठकूबाई समोर येऊन बसली.

"आत्या, नोकरी जाईल माझी."

"जाऊ दे! चांगले कानाचे मास्तर ढीगभर हायेत. बहिऱ्या लेकराले काय कळते आन् काय नाही, हे त्यायले ठावं हाय का? तुले ठावं हाय. आन् तूच कवाड लावून राहिली! मंग मी तुले शिकवलं कावून?"

दुसऱ्या दिवशी बाई नलूला घेऊनच ऑफिसात शिरल्या.

"बाई, 'नाही' तर तुम्हीच म्हणाला होतात," गुरुजी गोंधळले.

"खोटं बोलले मी. मलाही ऐकू येत नाही, गुरुजी!"

गुरुजी खिडकीकडे वळले आणि काहीतरी बोलले.

"तोंड इकडे करून बोला, म्हणजे मला कळेल."

ते वळले. "वरती कळलं तर तुम्हाला काढून टाकतील, म्हणालो. आणि ही पोर इथे कशी टिकणार?"

एवढ्यात बाईंनी नलूला टेबलाजवळ अंथरलेल्या बसायच्या पट्टीवर बसवलं. पोरीनं इकडेतिकडे पाहिलं, मग मुकाट्यानं पाय लांब केला, घोटा टेबलाच्या पायाला टेकवला आणि बांधायची वाट पाहत बसून राहिली.

अरेरे! गुरुजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी वाकून तो पाय उचलला आणि पोरीला नीट मांडी घालून बसवलं. "घ्या हिला," ते म्हणाले. "वरचं मी पाहतो."

पण वरचं त्यांच्यानं निभलं नाही. बाईंची कायम व्हायची नोकरी हंगामीच राहिली. बहिऱ्या बाईकडे पोरं नकोत म्हणून काही घरांनी मुलं काढून नेली. त्यांत कालपर्यंत शिस्तीची वाहवा करणारेच जास्त होते. बाईंनी मात्र आता काही झाकलं नाही. पहिल्याच तासाला त्यांनी सगळ्या मुलांना सांगितलं, "मला ऐकू येत नाही, नलूलाही येत नाही. आमच्याशी बोलताना समोर या." मुलांना त्यात काहीच जड गेलं नाही. नलू वाचायला शिकली, पण बसवल्या जागेवरून आपण होऊन उठायला तिला फार काळ लागला.

बंधुभगिनींनो, मथुरा दुष्ट नव्हती आणि गुरुजीही नव्हते. तरी एक पोर बांधलेली राहिली. कोणाला काय जमणार नाही हे आपण परस्पर ठरवून टाकतो, आणि ज्यानं ते सोसलं आहे त्याला विचारत नाही. मग तोही भिऊन तोंड मिटून बसतो. त्याला विचारा, त्याला शिकवायला उभं करा. नाहीतर आपल्या भल्या हातांनी बांधलेली लेकरं पाय पुढे करून बसतील, आणि आपण त्यांना गुणी म्हणत राहू!