सहा गोणी सोडा

अंकलेश्वरच्या कारखान्यांना लागून आमची शाळा आहे. एकवीस वर्षं मी तिथे रसायनशास्त्र शिकवते. उर्मिला वसावा अकरावीत आली, त्याच्या आदल्या वर्षी तिचे वडील छनाभाई एका कारखान्याच्या ॲसिडच्या टाकीत गेले. साफसफाईला उतरले, ते वर आलेच नाहीत. कारखान्याने सांगितलं, मोहाची दारू पिऊन उतरला होता, तोल गेला. छनाभाई सणासुदीला घ्यायचे हे सगळ्या वस्तीला ठाऊक. कुणी शंका घेतली नाही. त्यांच्या बायकोनेही नाही.

त्या दिवशी मोलची गणितं चालली होती. ॲसिडमध्ये धुण्याचा सोडा पडला की एक मोल सोड्यातून, म्हणजे एकशे सहा ग्रॅममधून, एक मोल कार्बन डायऑक्साइड निघतो, साधारण चोवीस लिटर. तास संपला, मुलं गेली. उर्मिला बाकावरच बसून होती.

"बेन, तीनशे किलो टाकला तर?"

"एवढा कशाला टाकेल कोणी?"

"पप्पा उतरायच्या आधी टाकला होता. उरलेलं ॲसिड मारायला. पन्नास किलोच्या सहा गोण्या. पप्पांच्या जोडीला असायचा त्या भिखुकाकानेच ओतल्या, त्यानेच सांगितलं."

मी कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. "तूच कर."

तिने मांडलं. तीन लाख भागिले एकशे सहा, दोन हजार आठशे तीस मोल. गुणिले चोवीस. जवळजवळ अडुसष्ट हजार लिटर.

"टाकी चाळीस हजारांची आहे," ती म्हणाली.

"सगळाच सोडा विरघळला नसेल. पण याच्या अर्धा वायू निघाला तरी पुरे. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशीच बसतो."

"म्हणजे खाली श्वास घ्यायला काही नव्हतंच."

"नव्हतं, बेटा."

दुसऱ्या दिवशी तो कागद घेऊन आम्ही दोघी कारखान्यात गेलो. सुरक्षेच्या साहेबांनी दोनदा वाचला. "गणित चुकलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "पण ती फाइल बंद झालीय, बेन. मलाही घर आहे." कागद त्यांनी परत केला, चहाचं विचारलं. आम्ही घेतला नाही.

तिथून थेट तिच्या घरी गेलो. तिची आई शनीबेन अंगणात तूर पाखडत होत्या. उर्मिलाने त्यांच्या बोलीत सगळं सांगितलं. बराच वेळ सूप हलत राहिलं.

"त्याला वास नाही आला?" त्यांनी मला विचारलं.

"त्या वायूला वास नसतो, शनीबेन."

"मग घेतलेली नव्हती त्याने?"

खोटं सांगणं सोपं होतं. "ते गणितातून कळत नाही. पण न घेतलेला माणूसही वर आला नसता."

सूप थांबलं.

"मी तिरडीला हात लावला नाही," त्या म्हणाल्या. "बायका म्हणाल्या, पाया तरी पड. मी म्हटलं, दारुड्याच्या कसलं पाया पडायचं. सगळ्यांच्या देखत म्हटलं."

उर्मिला उठून गोठ्याकडे गेली, ढोराच्या अंगावर हात ठेवून आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. शनीबेन तुरीच्या ढिगावर वाकल्या आणि रडायला लागल्या. वर्षभर राहिलेलं रडणं ते. मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले.